देव किती फुटांचा असावा?

उंची या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही, असे आमच्या घरात सर्वमान्य आहे. माझी उंची पाच फूट तीन इंच. तीसुद्धा सकाळी. संध्याकाळपर्यंत ऑफिस, लोकल आणि भाजीची पिशवी यांत तिच्यातला अर्धा इंच खर्ची पडत असे. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत मी कायम पहिला असायचो, आणि ज्यात मी पहिला आलो अशी आयुष्यातली ती एकच यादी. पुढे मुलगी पाहायला गेलो तेव्हा सासरेबुवा मोठ्या अगत्याने म्हणाले, "उठू नका, उठू नका, बसा." मी उभाच होतो.

आम्हा बुटक्यांना पुराणात आधार एकाचाच, वामनाचा. लहानपणी आजी ती गोष्ट सांगू लागली की मला फार बरे वाटायचे. हातात छत्री, कमंडलू, चिमुकली पावले, आणि समोर एवढा मोठा बळीराजा. आपल्यातलाच कोणीतरी मोठ्या साहेबाच्या केबिनमध्ये शिरला आहे असे वाटे. पण गोष्ट पुढे सरकली की माझा आनंद मावळायचा. कारण तीन पावले मोजायची वेळ आली तेव्हा त्यालाही वाढावेच लागले. म्हणजे देवाचेसुद्धा मूळ उंचीत भागत नाही! गंमत अशी की आपल्या लोकांनी ती गोष्ट ऐकली आणि दिवाळीत ओवाळताना राज्य मागितले ते मात्र बळीचे. आकाशाएवढ्या वाढलेल्या देवापेक्षा त्याच्या पावलाखाली गेलेला राजा आपल्या बायकांना जवळचा वाटला. यात काहीतरी आहे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. काय आहे, ते मात्र मॉरिशसला जाईपर्यंत नीट कळले नव्हते.

मॉरिशसला आम्हांला नेले ते आमच्या साडूंनी. आमचे साडू निवृत्त इंजिनिअर. त्यांना जगातल्या कोणत्याही वस्तूची लांबी, रुंदी आणि खर्च यांत रस असतो, वस्तूत नसतो. विमानातच त्यांनी सांगून टाकले, की एका पुणे जिल्ह्यात सात मॉरिशस बसतील आणि वर पार्किंगला जागा उरेल. तिथल्या निळ्या समुद्राचे त्यांना विशेष वाटले नाही. त्यांच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेले होते : गंगा तलाव, शिवमूर्ती, १०८ फूट, सन २००७.

हा गंगा तलाव बेटाच्या दक्षिण भागात, डोंगरात आहे. मूळ ज्वालामुखीचे तोंड. त्यात पाणी साठून तळे झाले. समुद्रसपाटीपासून साधारण अठराशे फूट. खालून निघताना अंगाला घाम, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि ऊस. मग ऊस संपतो, चहाचे मळे लागतात, हवा गार होते, धुके उतरते, आणि आमच्या सौ. पिशवीतून शाल काढतात. "मॉरिशसला शाल कशाला?" असे मुंबईत तिला विचारणाऱ्यांत साडू आघाडीवर होते. आता अर्धी शाल ते मागत होते. तेवढ्यात गाडी एका वळणावर आली आणि धुक्यातून आधी एक त्रिशूळ दिसला, मग जटा, मग चेहरा, मग खांदा, आणि मग बराच वेळ नुसता महादेवच.

मंगल महादेव हे त्या मूर्तीचे नाव. तळ्याच्या वाटेवर उभी आहे. हातात त्रिशूळ, गळ्यात नाग. उंची तेहतीस मीटर, म्हणजे साडूंचे १०८ फूट. जपमाळेत मणी तितके फूट. समोरच्या अंगाला तेवढ्याच उंचीची दुर्गा आहे. ती मागाहून, २०१७ मध्ये आली. साडूंनी गाडीतच हिशेब केला : "तुमच्यासारखे एकवीस जण एकमेकांच्या डोक्यांवर उभे केले तर पुरतील." एकवीस हा आकडा मोदकांना शोभतो, पण मी रागावलो नाही. कारण गणित बरोबर होते.

मग फोटोचा प्रसंग आला. जे लोक अशा मूर्तींपुढे उभे राहिले आहेत त्यांना यातली अडचण ठाऊक असेल. आम्ही देवाजवळ उभे राहिलो तर फोटोत देवाच्या पायाचे अंगठे येत. देव पूर्ण आला तर आम्ही येईनासे होत. साडू मागे सरकत सरकत रस्त्याच्या पलीकडे गेले, आणखी मागे गेले, आणि शेवटी एकदाचा देव पूर्ण आला. तो फोटो आमच्याकडे आहे. त्यात देवाच्या पायाशी दोन ठिपके आहेत. त्यांतला जो शाल पांघरलेला ठिपका, ती आमची सौ.

देव आणि आपण एका चौकटीत बसत नाही, ही बाब धार्मिक म्हणायची की फोटोग्राफीची, याचा मी तिथे उभा राहून थोडा विचार केला. पण मागे दुसरी मंडळी फोटोसाठी ताटकळत होती.

या तळ्याची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. तिथे सांगतात ती अशी : शंकर-पार्वती पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले होते. शंकरांच्या डोक्यावर गंगा. समुद्रात हे हिरवे बेट दिसले म्हणून ते उतरायला लागले. उतरताना तोल सावरतासावरता गंगेचे चार थेंब सांडले आणि त्यांचे तळे झाले. गंगा कुरकुरली, की इथे माणूस नाही काणूस नाही, माझे पाणी असे ओसाडीत टाकलेत! शंकर म्हणाले, थांब. तुझ्या काठची माणसे एक दिवस इथे येतील. आता सांगा, संसारात बायकोच्या तक्रारीला इतके लांब पल्ल्याचे उत्तर दुसऱ्या कोणत्या नवऱ्याने दिले असेल?

आणि माणसे आली. शंकरांनी सांगितल्याप्रमाणे आली, पण प्रदक्षिणेला नव्हे. इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली, उसाला मजूर हवे होते, आणि १८३४ पासून पुढे जवळजवळ पाच लाख माणसे हिंदुस्थानातून करारावर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरवली गेली. त्यांतली बरीचशी बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, गंगेकडची. काही मद्रासकडून. काही मुंबई बंदरातून, आपल्या कोकणातली. पोर्ट लुईच्या त्या आप्रवासी घाटाच्या सोळा दगडी पायऱ्या अजून दाखवतात. त्या चढून वर गेले की माणसाला नंबर मिळायचा.

डोंगरातल्या तळ्याला तेव्हा परी तलाव म्हणत. १८९७ मध्ये त्रिओले गावच्या गिरी गोसावी नावाच्या पुजाऱ्याला स्वप्न पडले, की या तळ्याचे पाणी जान्हवीचे आहे. बातमी गावोगाव झाली आणि पुढच्याच वर्षी महाशिवरात्रीला लोक रान तुडवत तिथे पोचले. १९७२ मध्ये हिमालयातून, गोमुखातून गंगेचे पाणी आणून तळ्यात ओतले आणि परी तलावाचा गंगा तलाव झाला.

इथे साडूंनी शंका काढली. "एवढ्या मोठ्या तळ्यात कलशभर पाणी म्हणजे प्रमाण किती पडले?"

सौ. म्हणाली, "विरजण किती लागतं हो पातेलंभर दुधाला?"

साडू गप्प झाले. मला तर वाटते, या विषयावर मोठमोठ्या ग्रंथांत जे असेल ते सगळे तिने एका चमच्यात बसवले. घर सोडून गेलेली माणसे दुसरे काय करतात? विरजण नेतात. गावचा देव, गावची भाषा, लग्नातली दोन गाणी, एवढेच चमचाभर नेता येते. बाकीचे दूध तिथले. लागले तर लागले. आपल्या कोकणी मंडळींचे तिथे लागलेले आहे. गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टी असते, शाळांतून मराठी शिकवतात, आणि आपली जाखडी तिथे अजून नाचतात.

मूर्तीचेही विरजणच आहे. मंगल महादेवाचे मूळ आहे वडोदऱ्याला, सूरसागर तलावात. गायकवाडांच्या त्या शहरात, भर वस्तीत, तळ्याच्या मधोमध असाच महादेव उभा आहे. त्याची उंची १११ फूट सांगतात. मॉरिशसचा तीन फूट कमी. थोरल्या भावापुढे धाकट्याने जरा वाकून उभे राहावे, तसे. पुढे वडोदऱ्याच्या महादेवावर सोन्याचा मुलामा चढवला आणि २०२३ च्या महाशिवरात्रीला त्याचे नवे रूप लोकांपुढे आले. तेव्हा आता मूळ मूर्ती पूर्वी कशी दिसत होती हे पाहायचे असेल, तर तिच्या नकलेकडे जावे लागेल. सोन्याची अंगठी घालून आलेल्या मित्राचा जुना चेहरा आपण शाळेच्या फोटोत शोधतो, तशातला प्रकार.

दर्शन झाले, माकडांनी आमची केळी नेली (तिथली माकडे फार नियमित आहेत), आणि चहा पिता पिता मूळ प्रश्नाला तोंड फुटले. तोंड अर्थात साडूंनी फोडले.

"काही म्हणा, देव असावा तर असा!"

"म्हणजे कसा?" सौ.

"भव्य! लांबून दिसला पाहिजे. माणसाला आपण किती लहान आहोत हे कळलं पाहिजे."

"ते यांना रोज कळतं," असे म्हणून तिने माझ्याकडे पाहिले. "पण आमचा विठोबा बघा. माणसाहून ठेंगणा. कमरेवर हात ठेवून उभा, आणि पायांवर डोकं टेकता येतं. एवढ्या लांबून लोक चालत जातात ते त्या टेकण्यासाठी. तुमच्या या महादेवाच्या पायावर डोकं ठेवायचं तर शिडी आणावी लागेल."

"अहो, पण शंकराला कैलास पर्वत लागतो. तो काही विटेवर मावायचा नाही."

"मावत नाही कसा? आमच्या देव्हाऱ्यात अंगठ्याएवढा आहे."

मी कोणाच्या बाजूने बोलावे या विवंचनेत होतो. एकीकडे घर होते, दुसरीकडे परतीची तिकिटे. पण गोष्ट विचार करण्यासारखी होती, आणि ती फक्त मॉरिशसपुरती नव्हती. आपल्याकडे देवांची उंची झपाट्याने वाढते आहे. कर्नाटकात मुरुडेश्वरला समुद्राकाठी १२३ फुटांचा शंकर बसला आहे. राजस्थानात नाथद्वाऱ्याला २०२२ मध्ये ३६९ फुटांच्या शंकराचे लोकार्पण झाले, आणि तोसुद्धा बसलेला! उभा राहिला तर काय होईल, याचा विचार विमानवाल्यांनी करावा. प्रत्येक नव्या मूर्तीच्या बातमीत पहिली ओळ उंचीची असते. कोणता शंकर, कोणत्या भावातला, कोणत्या कथेतला, हे शेवटच्या परिच्छेदात. जागा उरली तर.

उंच मूर्ती आपल्याला नव्या नाहीत, हे खरे. श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर सत्तावन्न फुटांचा आहे, एका दगडातला, आणि दहाव्या शतकातला. त्याच्या पायांशी मराठीतल्या अगदी जुन्या कोरीव ओळींपैकी एक ओळ आहे, हे आपल्याला शाळेत अभिमानाने सांगितलेले असते. ती ओळ काय सांगते? सर्वसंग सोडून, अंगावर वेली चढेपर्यंत निश्चल उभ्या राहिलेल्या त्या महात्म्याबद्दल ती काही म्हणत नाही. ही मूर्ती चावुंडरायाने करविली, एवढेच सांगते. शेजारच्या ओळीत बाजूचे बांधकाम कोणी करविले ते आहे. म्हणजे आपल्या भाषेने दगडात तोंड उघडले ते 'सौजन्य अमुक अमुक' हे सांगण्यासाठी! मंडपाच्या कमानीवर देवापेक्षा नगरसेवकाचा फोटो मोठा का, असे विचारणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात घ्यावा. उंची देवाची असते, पण फूट मोजणारा नेहमी दुसराच असतो.

देवाची उंची सरकारने ठरवल्याचेही आपण पाहिले आहे. २०२० साली, करोनाच्या दिवसांत, महाराष्ट्र सरकारने परिपत्रक काढले : सार्वजनिक गणपती चार फुटांपर्यंत, घरगुती दोन फुटांपर्यंत. ज्या मुंबईत आदल्या वर्षी गणपतीचा मुकुट पाहताना टोपी पडत होती, तिथे बाप्पा एका फटक्यात पोराटोरांच्या उंचीचे झाले. काही मंडळांनी मूर्तीच बसवली नाही. लालबागला त्या वर्षी मूर्तीऐवजी आरोग्योत्सव झाला, लोकांनी रक्त दिले. मला आठवते, आमच्या गल्लीतल्या चार फुटी गणपतीपुढे एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ हात जोडून उभे होते. मी सहज विचारले, तर म्हणाले, "यंदा पहिल्यांदा त्याचे डोळे दिसले हो." त्या वर्षी बाकी बरे असे काही नव्हते. पण तेवढे झाले.

तर या सगळ्यावरून माझा निकाल जवळजवळ तयार झाला होता. देव लहान असावा, माणसाच्या आवाक्यात असावा; मोठेपणा हा देवाचा नसून देणगीदाराचा असतो. मनातल्या मनात मी विठोबाच्या, अर्थात सौ.च्या बाजूने मत टाकले होते. ते फिरवले आमच्या गाडीच्या ड्रायव्हरने.

हा गृहस्थ चाळिशीचा. खापरपणजोबा रत्नागिरीकडचे. पोलिसाशी क्रिओल बोलायचा, पेट्रोल पंपावर भोजपुरी, आणि आमच्याशी मराठी. ती शाळेत शिकलेली मराठी होती, त्यामुळे आमच्यापेक्षा पुष्कळ शुद्ध. आमचा वाद तो बाजूला उभा राहून ऐकत होता. साडूंनी त्यालाच पंच नेमले. "तुम्ही सांगा, एवढ्या उंच मूर्तीची गरज काय?"

तो जरा थांबून म्हणाला, "काका, आमच्या माणसांची उंची तुम्हांला माहीत आहे का?"

आम्हांला काही समजले नाही. मग त्याने सांगितले. धक्क्यावर उतरलेल्या प्रत्येक मजुराची नोंद इंग्रज सरकारने ठेवली. त्या नोंदवह्या आजही मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत. नंबर, नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, अंगावरची खूण आणि उंची. पळून गेला तर ओळखता यावा, म्हणून. पुढे पुढे फोटोही काढू लागले. लोक तिथे जातात, आपल्या पूर्वजांचा कागद काढून घेतात. हाही गेला होता. खापरपणजोबांचे नाव साहेबाच्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले, गावाचे नाव ओळखू येत नाही असे. "एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिली होती," तो म्हणाला. "पाच फूट दोन इंच."

माझ्याहून एक इंच कमी.

"त्यांचं एवढंच राहिलं आहे आमच्याकडे," तो म्हणाला. "दुसरं काही नाही. आवाज नाही, पत्र नाही. उंची आहे. ती पण दुसऱ्यानं मोजलेली." मग त्याने वर बोट केले. "ही आम्ही मोजली."

साडूंनी वही मिटली. माझ्या ओळखीत त्यांनी आपण होऊन वही मिटल्याचा तो एकमेव प्रसंग.

मी पुन्हा वर पाहिले. मूर्ती तीच होती, पण आता तिच्या पायाशी मला एक रांग दिसू लागली. गळ्यात नंबर, एक एक पुढे होतो आहे, भिंतीला पाठ लावून उभा राहतो आहे, आणि कोणीतरी त्याच्या डोक्यावर पट्टी टेकवून आकडा सांगतो आहे. असे लाखो आकडे. आयुष्यभर ज्यांना मान वर करायची सोय नव्हती, त्यांच्या पणतवंडांना जर वाटले की आपला देव असा असावा की त्याच्याकडे पाहताना मान वर करावीच लागेल, तर त्याला बडेजाव कोणत्या तोंडाने म्हणायचे? पंढरपूरच्या माणसाला देव ठेंगणा चालतो, कारण त्याच्या पायाखालची जमीन त्याचीच आहे. परमुलखात उतरलेल्याला आधी लांबून दिसेल असे काही उभे करावे लागते. बोटीतून उतरणाऱ्याला कळावे, की इथे आपली माणसे आहेत.

म्हणून मी साडूंच्या बाजूला गेलो का? तसेही नाही. कारण गोष्ट इथेही संपत नाही.

महाशिवरात्रीला त्या बेटावर जे चालते ते आपल्या वारीची आठवण करून देणारे आहे. लाखो माणसे, कित्येक अनवाणी, घरापासून पायी निघतात. खांद्यावर कावड असते. मूळ कावड म्हणजे बांबू आणि दोन टोकांना पाण्याची भांडी. तिची वाढत वाढत देवळे झाली, रथ झाले. गावोगावची तरुण मुले महिना महिना खपून ती सजवतात, आणि दर वर्षी थोडी उंच करतात. अगदी आपल्या मंडळांसारखे. २०२४ च्या मार्चमध्ये, महाशिवरात्रीच्या आधीच्या रविवारी, असा एक रथ रस्त्यावरच्या विजेच्या तारांना लागला. आग लागली. सहा यात्रेकरू गेले.

ती बातमी मी इथे वाचली आणि माझ्या डोळ्यांसमोर आपल्या मिरवणुकीतला तो बांबूवाला उभा राहिला. तुम्हीही त्याला पाहिले असेल. पुढे ढोल-ताशे, मागे गणपती, आणि मधे ट्रकवर एक पोरगा हातात लांब बांबू घेऊन वायरी वर उचलत असतो, बाप्पाचा मुकुट खालून जावा म्हणून. त्याचे लक्ष ना गाण्याकडे, ना गर्दीकडे. सबंध मिरवणुकीत देवाची खरी काळजी त्याला एकट्याला असते. देवाची उंची आपण कमिटीत बसून ठरवतो. ती पेलायची असते त्या पोराला. आणि उंची वाढवणाऱ्या ठरावात त्याचे नाव कुठेही नसते.

तेव्हा फुटांमध्ये उत्तर शोधण्यात अर्थ नाही, असे मला वाटू लागले आहे. १०८ फूट जास्त आणि साडेतीन फूट योग्य, असा काही नियम निघत नाही. मोजायचे असेल तर मूर्ती मोजू नये. तिच्यासमोर उभा असलेला माणूस मोजावा. तिथे येण्यापूर्वी तो जेवढा होता तेवढा तरी उरला पाहिजे. आमचा ड्रायव्हर त्या मूर्तीशेजारी उभा राहिला तेव्हा पाच-सात इंचांनी वाढलेला मी पाहिला आहे. त्याच्यासाठी तो महादेव बरोबर मापाचा होता. तीच मूर्ती उद्या शेजाऱ्याला खुजे दाखवण्यासाठी वापरली, किंवा नुसती पलीकडच्या गावाहून एक फूट जास्त म्हणून उभी केली, तर दगड तोच राहील, पण माप चुकेल. नोंदवहीवाला साहेब माणसाची उंची मोजत होता, पण त्याला माणूस दिसत नव्हता. देवाची मोजतानाही तसेच होऊ शकते.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. गंगा तलावाला जाणारी ती लाखो माणसे मंगल महादेवापाशी थांबतात, वर पाहतात, हात जोडतात, आणि पुढे जातात. पुढे खाली काठावर उतरून वाकतात आणि तळ्यातले पाणी भांड्यात भरतात. ते पाणी पुन्हा चालत आपल्या गावी नेतात आणि महाशिवरात्रीच्या रात्री गावच्या देवळातल्या पिंडीवर घालतात. एकशे आठ फूट महादेव रस्त्यावर पहारा देतो. पूजा होते ती गुडघ्याएवढ्या महादेवाची. लोकांना दोन्ही लागतात. एक मान वर करायला, एक डोके टेकायला. सौ. आणि साडू यांचे भांडण लोकांनी न भांडता केव्हाच मिटवले आहे. आमच्याकडे अर्थात अजून चालू आहे.

परवा आमच्या सोसायटीची गणपतीची मीटिंग होती. शेजारच्या सोसायटीने सहा फुटी मूर्ती ठरवल्याची पक्की खबर आल्यामुळे आमचा गणपती तीन फुटांवरून सात फुटांवर न्यावा, असा ठराव तरुण मंडळींनी मांडला. बाजूने भाषणे झाली. विरोधात कोणी बोलेना; देवाच्या उंचीला विरोध करणार कोण? मी हात वर केला. तो दिसायला थोडा वेळ लागला. मी एवढेच विचारले, की आपल्याकडे रोज सकाळी दुर्वा कोण वाहते? तळमजल्यावरच्या आजी. वय ब्याऐंशी, पाठीला बाक. सात फुटी मूर्तीच्या डोक्यावर त्यांनी दुर्वा कशा ठेवायच्या?

एक उत्साही मुलगा म्हणाला, "स्टूल देऊ."

"आणि स्टूल कोण धरणार? रोज सकाळी सहाला?"

सभेत शांतता पसरली. सकाळी सहाला उठण्याची तयारी कोणाचीच नव्हती. बराच खल झाला आणि शेवटी सेक्रेटरींनी मिनिट्सच्या वहीत लिहिले : 'मूर्तीची उंची फुटांत न ठरवता, दुर्वा वाहण्यास स्टूल लागणार नाही इतपत असावी.'

साडूंना फोनवर वाचून दाखवले. पलीकडे थोडा वेळ आवाज नव्हता. मग म्हणाले, "वाक्य ठीक आहे. पण स्टूल कोणाला लागणार नाही, ते लिहून घ्या. आजींना की तुम्हांला?"